महाप्रजापती गौतमी : साठीच्या उंबरठ्यावर सुरू झालेले आयुष्य

रविवारी सकाळी आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात जाऊन बघा. पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत कोण बसलेले असते? पन्नाशी-साठीच्या आया, मावश्या, आज्या. त्रिसरण-पंचशील त्यांना तोंडपाठ असते. वर्षावासात ग्रंथवाचनाला न चुकता येतात त्या याच, आणि बुद्ध पौर्णिमेला खिरीच्या पातेल्यापाशी उभ्या असतात त्याही याच. पण विहार समितीच्या बैठकीत त्या दिसत नाहीत. अभ्यासवर्गाच्या यादीत त्यांचे नाव नसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते. आता या वयात काय शिकायचे, मुलांचे झाले, नातवंडे बघतो, गुडघे साथ देत नाहीत, तुम्ही शिका. आपण तरुण कार्यकर्ते हे उत्तर फार लवकर मान्य करतो, कारण ते आपल्या सोयीचे असते.

धम्माच्या इतिहासात हे उत्तर नाकारणारी एक स्त्री अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेली. तिचे नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. महाप्रजापती गौतमी. पण आपल्या भाषणांत त्यांच्या वाट्याला एक-दोन वाक्येच येतात: सिद्धार्थाला वाढवणारी मावशी आणि भिक्खुणी संघाची पहिली भिक्खुणी. या दोन वाक्यांच्या मधले आणि नंतरचे आयुष्य आपण वाचत नाही. विनयपिटकात आणि सुत्तपिटकात ते विखुरलेले आहे. ते एकत्र लावून पाहिले तर उतारवयात स्वतःला घडवणाऱ्या स्त्रीला नेमके काय लागते, हे स्पष्ट दिसते.

देवदहाची लेक, कपिलवस्तूची सून

गौतमी देवदहच्या. शुद्धोदनाची राणी महामाया ही त्यांची सख्खी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दिल्या गेल्या होत्या. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले आणि ते बाळ गौतमींच्या ओटीत आले. त्यांचा स्वतःचा मुलगा नंद तेव्हा तान्हाच होता. परंपरा असे सांगते, की त्यांनी नंदाला दाईच्या स्वाधीन केले आणि बहिणीच्या मुलाला अंगावर पाजले. पुढे त्यांना सुंदरी नंदा ही मुलगीही झाली.

त्यानंतरच्या तीसेक वर्षांबद्दल ग्रंथ फारसे बोलत नाहीत. घर सांभाळणाऱ्या बाईच्या आयुष्यातली ही वर्षे कोणी लिहून ठेवत नाही. मुले वाढवणे, आजारपणे काढणे, सण, पाहुणे, सुना, नातवंडे. राजघराणे असले तरी शाक्यांचे गणराज्य होते, शेतीवर जगणारे होते. पुढे एका प्रसंगात गौतमींनी स्वतः सूत कातून, स्वतः कापड विणल्याचा उल्लेख येतो. हाताला काम माहीत असलेली ही बाई होती.

रिकामे होत गेलेले घर

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे त्याप्रमाणे, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात वाद पेटला. युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाने वयाच्या 29 व्या वर्षी परिव्रज्या घेतली. हे भांडण गौतमींच्या सासरचे आणि माहेरचे होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. देवदह कोलीयांचे. एकीकडे नवऱ्याचा गण, दुसरीकडे भावाबहिणींचा, आणि मध्ये घर सोडून निघालेला मुलगा.

सहा वर्षांनी, 35 व्या वर्षी, सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली आणि पुढे तथागत कपिलवस्तूला आले. गौतमींनी तेव्हा धम्म ऐकला आणि त्या स्रोतापन्न झाल्या असे परंपरा मानते. पण त्याच भेटीत त्यांचा मुलगा नंद संघात गेला. नातू राहुलही गेला. शुद्धोदनाला हे इतके लागले, की त्याने तथागतांकडे जाऊन विनंती केली आणि आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. बापाचे दुःख असे विनयात नोंदले गेले. गौतमींच्या मनात काय झाले असेल, त्याला त्या प्रसंगात जागा नाही.

मग शुद्धोदनही गेला. ज्यांच्याभोवती आयुष्य फिरले ती माणसे एकेक करून निघून गेली होती. गौतमींच्या वयाचा अंदाज आपण बांधू शकतो. सिद्धार्थाच्या जन्मावेळी त्या स्वतः लेकुरवाळ्या होत्या, म्हणजे किमान अठरा-वीस वर्षांच्या. भिक्खुणी संघाची स्थापना बोधिप्राप्तीनंतर साधारण पाच वर्षांनी झाली असे मानले जाते, तेव्हा तथागत 40 च्या आसपास होते. म्हणजे गौतमी साठीच्या उंबरठ्यावर होत्या. आजही या वयात आपल्याकडे बाईला काय सांगितले जाते? आता आराम करा, देवधर्म करा, नातवंडांत रमा. तेव्हा विधवेला यापेक्षा कमीच मिळत होते.

स्वतः विणलेले वस्त्र

या काळातला एक प्रसंग मज्झिम निकायात आहे. गौतमींनी तथागतांसाठी वस्त्रांची एक नवी जोडी तयार केली. सूत स्वतः कातले, कापड स्वतः विणले. आईने मुलासाठी स्वेटर विणावा तसेच हे. त्या ते घेऊन निग्रोधारामात गेल्या. तथागतांनी ते स्वतः घेतले नाही. संघाला द्या, म्हणजे माझाही सन्मान होईल आणि संघाचाही, असे सुचवले. गौतमींनी तीनदा आग्रह केला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

आईच्या मनाला हे कठीण गेले असणार. पण या प्रसंगात गौतमींच्या पुढच्या आयुष्याची दिशा दिसते. आजवर त्यांची सगळी मेहनत घरातल्या ठरावीक माणसांसाठी होती. आता तीच मेहनत, तेच कसब, एका मोठ्या समूहाकडे वळवायचे होते. उतारवयात बाई बदलायची म्हणजे तिने आपला स्वभाव, आपली माया टाकून द्यायची असे नाही. त्या मायेला घराबाहेरही जागा मिळाली पाहिजे, एवढेच.

तीन नकार आणि पायी वैशाली

निग्रोधारामातच गौतमींनी तथागतांकडे मागणी केली, की स्त्रियांनाही घर सोडून संघात येण्याची परवानगी द्यावी. तथागतांनी मान्य केले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मागितले, तिसऱ्यांदा मागितले. तिन्ही वेळा नकार. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात लिहिले आहे, की त्या रडत रडत परत गेल्या. तथागत पुढे वैशालीला निघून गेले.

इथे गोष्ट संपू शकली असती. एखादी बाई म्हणाली असती, विचारून पाहिले, झाले. गौतमींनी केस कापले, काषाय वस्त्रे अंगावर घेतली आणि शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन वैशालीची वाट धरली. ग्रंथांत या स्त्रियांचा आकडा 500 येतो. पाली साहित्यात 500 म्हणजे पुष्कळ. अट्ठकथा सांगते, की त्यांतल्या अनेकींचे नवरे आधीच संघात गेले होते. म्हणजे मागे राहिलेल्या बायकांचा हा मोर्चा होता.

आजच्या भारत-नेपाळ सीमेजवळचे कपिलवस्तू ते बिहारमधली वैशाली हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले तरी 250 किलोमीटरच्या पुढे जाते. रोज 15 किलोमीटर चालले तरी अडीच-तीन आठवडे. वाटेत नद्या. साठीकडे झुकलेली, आजवर राजवाड्यात राहिलेली बाई अनवाणी चालत होती. वैशालीच्या महावनात कूटागारशाळेच्या दाराबाहेर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते, अंग धुळीने भरलेले होते, डोळ्यांत पाणी होते. विनयातली ही नोंद मला फार मोलाची वाटते. लिहिणाऱ्याने त्यांना वीरांगना करून ठेवले नाही. सुजलेले पाय लपवले नाहीत.

आनंदाने त्यांना त्या अवस्थेत पाहिले आणि मध्यस्थी केली. त्यालाही तीनदा नकार मिळाला. मग त्याने प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडला. धम्माचे आचरण केले तर स्त्रीला अर्हत्पदापर्यंतची सगळी फळे मिळू शकतात का? तथागतांनी होकार दिला. मग ज्या मावशीने आईच्या माघारी दूध पाजून वाढवले तिला संधी का नाही, असे आनंदाने विचारले, आणि भिक्खुणी संघाला मान्यता मिळाली.

बाबासाहेबांनी 1951 मध्ये महाबोधी मासिकातल्या हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती या लेखात या प्रसंगाची चर्चा केली आहे. बुद्धांनी स्त्रीला कमी लेखले हा आरोप त्यांनी खोडून काढला आणि ब्राह्मणी व्यवस्थेने ज्ञानाचा व संन्यासाचा अधिकार नाकारलेल्या स्त्रीसाठी ही केवढी मोठी क्रांती होती हे दाखवून दिले. ती क्रांती घडवायला तरुण मुलगी पुढे आली नव्हती. नातवाला संघात पाठवून बसलेली आजी पुढे आली होती, हे आपण लक्षात ठेवू.

आठ अटी आणि एक न मिळालेला हक्क

मान्यतेसोबत आठ गरुधम्म आले, असे विनय सांगतो. त्यांतला पहिला आजही टोचतो. शंभर वर्षे भिक्खुणी असलेल्या स्त्रीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे. या अटी त्याच वेळच्या आहेत की नंतर घातल्या गेल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. भिक्खुणी संघ अजून जन्माला आलेला नसताना त्यातल्या एका अटीत भिक्खुणी होण्याआधीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा उल्लेख येतो, हे खटकण्यासारखेच आहे.

ग्रंथ सांगतो त्याप्रमाणे गौतमींनी अटी आनंदाने स्वीकारल्या. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण चुल्लवग्गात पुढे आणखी एक नोंद आहे. काही काळाने गौतमी पुन्हा आनंदाकडे गेल्या आणि त्यांनी मागणी केली, की वंदन वयोज्येष्ठतेनुसार, म्हणजे संघातल्या वर्षांनुसार व्हावे, स्त्री-पुरुष असा भेद न करता. ही मागणी मान्य झाली नाही. पण ती मागितली गेली होती आणि ती नोंदली गेली.

एकदा तर नव्या भिक्खुणींनीच त्यांच्यावर शंका घेतली. आमची उपसंपदा भिक्खूंकडून रीतसर झाली, तुमची झालीच नाही, असे त्या गौतमींना म्हणू लागल्या. ज्यांच्यासाठी पाय सुजवून चालल्या त्यांच्याकडूनच हे ऐकावे लागले. गौतमी चिडून निघून गेल्या नाहीत. त्यांनी आनंदामार्फत विचारणा केली आणि अटी स्वीकारल्या हीच त्यांची उपसंपदा, असा खुलासा तथागतांनी केला. चळवळीत काम करणाऱ्या ज्येष्ठ बायांना हा अनुभव नवा नाही.

उतारवयात नवे काही सुरू करताना सगळे मनासारखे होईल, मान मिळेल, घरचे कौतुक करतील, अशी अपेक्षा ठेवली तर पहिल्या आठवड्यात माणूस परत फिरतो. गौतमींनी मिळाले ते घेतले, त्यावर काम सुरू केले, आणि जे मिळाले नाही ते मागत राहिल्या.

मोजायची आठ मापे

भिक्खुणी झाल्यावर गौतमी तथागतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, की मला थोडक्यात धम्म सांगा, म्हणजे मी एकटी राहून तो आचरणात आणीन. अंगुत्तर निकायात आणि चुल्लवग्गात हा प्रसंग आहे. साठीच्या बाईची ही मागणी किती व्यवहारी आहे. सगळे त्रिपिटक पाठ करायला त्यांनी मागितले नाही. आपल्या ताकदीला झेपेल एवढे, पण नेमके, असे मागितले.

तथागतांनी त्यांना कोणतीही शिकवण तपासायची आठ मापे दिली. एखादी गोष्ट केल्याने आसक्ती कमी होते की वाढते? बंधने सुटतात की घट्ट होतात? मनावरचा संचय उतरतो की चढतो? हाव कमी होते की जास्त? समाधान वाढते की असमाधान? एकांत साधतो की गर्दीतच जीव रमतो? उत्साह येतो की आळस? आणि आठवे, आपण इतरांना सांभाळायला सोपे होतो की अवघड? ज्याने पहिली बाजू वाढते तो धम्म. ज्याने दुसरी वाढते तो धम्म नाही.

यात वयाची अट नाही. शरीर किती वाकते, किती तास बसता येते, किती सुत्ते पाठ आहेत, हे यात विचारलेले नाही. शेजारणीशी तुलना करायलाही यात वाव नाही. कालच्या स्वतःशी ताडून बघायचे. आज मोबाइलवर रोज कोणीतरी सांगत असते, तीस दिवसांत वजन उतरवा, पन्नाशीत पंचविशीच्या दिसा, अमुक पावडर घ्या, तमुक शिबिराला हजारो रुपये भरा. ही आठ मापे त्याला लावून बघा. हाव वाढते का? असमाधान वाढते का? घरखर्चावर भार पडतो का? उत्तर लगेच मिळेल. उलट, रोज सकाळी अर्धा तास चालणे, वीस मिनिटे आनापान, रात्री ग्रंथाची दोन पाने, साखर-रक्तदाब वेळेवर तपासणे, महिन्यातून एकदा मैत्रिणींसोबत बसून मोकळे बोलणे, हे त्या मापांत बसते. ते भपकेदार नाही, पण वर्षभर टिकते.

लोकर, पाणी आणि आजारपण

गौतमींच्या पुढच्या आयुष्यातले तीन प्रसंग विनयात आहेत. ते आपल्या व्यासपीठांवरून कधी सांगितले जात नाहीत. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

पहिला लोकरीचा. काही भिक्खू भिक्खुणींकडून मेंढ्यांची लोकर धुवून, रंगवून, विंचरून घेऊ लागले. घर सोडून आलेल्या बायका संघातही धुणीच धूत बसल्या. त्यांचे पठण मागे पडले, प्रश्न विचारणे मागे पडले, साधना मागे पडली. गौतमी तथागतांना भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारले, की भिक्खुणींचा अभ्यास नीट चालला आहे ना? गौतमींनी खरे ते सांगितले. त्यांना वेळच कुठे आहे, त्या लोकर धूत आहेत. यावर नियम झाला, की नात्यातल्या नसलेल्या भिक्खुणीकडून भिक्खूने लोकर धुवून घेऊ नये. जुनी चीवरे धुवून घेण्यावरही असाच वेगळा नियम आहे. गौतमींनी भिक्खुणींना अधिक मेहनत करा, पहाटे लवकर उठा असे सांगितले नाही. त्यांचा वेळ कोण खात आहे हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा पाण्याचा. स्त्रियांच्या शरीराची स्वच्छता हा तेव्हाही न बोलण्याचा विषय होता. गौतमी एकदा तथागतांसमोर वारा त्यांच्याकडे जाणार नाही अशा बाजूला उभ्या राहिल्या आणि स्त्रियांच्या अंगाला दुर्गंधी येते हे त्यांनी सरळ सांगितले. त्यावर भिक्खुणींना पाण्याने शुद्धी करण्याची परवानगी मिळाली. संघातली सर्वांत ज्येष्ठ स्त्री, स्वतः लहानपणी ज्याला न्हाऊ-माखू घातले त्याच्यापुढे, सगळ्या बायकांच्या वतीने हा विषय काढते. आजही आपल्या घरातल्या पन्नाशीच्या बायका पाळी थांबण्याच्या काळातले त्रास, लघवीची जळजळ, अंगावरचे जाणे, हे वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि कोणाला सांगत नाहीत. सुनेलाही नाही, मुलीलाही नाही. शरीराबद्दल स्पष्ट बोलणे हे गौतमींनी धम्माच्या कक्षेतलेच काम मानले.

तिसरा आजारपणाचा. कपिलवस्तूत असताना गौतमी आजारी पडल्या. भिक्खूंनी भिक्खुणींच्या निवासात जाऊन उपदेश करू नये असा नियम तेव्हा होता. थेर भिक्खू विचारपूस करायला आले तेव्हा गौतमींनी सांगितले, की पूर्वी तुम्ही येऊन धम्म सांगायचात तेव्हा बरे वाटायचे, आता नियमामुळे ते बंद झाले आहे. हे कळल्यावर तथागत स्वतः त्यांच्याकडे गेले, त्यांना धम्म सांगितला आणि आजारी भिक्खुणीसाठी तो नियम सैल केला. मला बरे वाटत नाही आणि मला सोबत हवी आहे, हे बोलायलाही धैर्य लागते. कणखर बाईने कुरकुर करायची नसते, असे आपणच आपल्या आयांना शिकवून ठेवले आहे.

एकटीने नाही

गौतमी कुठेही गेल्या तरी बायकांना सोबत घेऊन गेल्या. मज्झिम निकायात आणखी एक प्रसंग येतो. श्रावस्तीला जेतवनात त्या मोठ्या संख्येने भिक्खुणींना घेऊन गेल्या आणि त्यांच्यासाठी उपदेश मागितला. थेर भिक्खू पाळीपाळीने भिक्खुणींना शिकवत. नंदक नावाच्या थेराला आपली पाळी टाळायची होती. तथागतांनी त्यालाच पाठवले. त्याने प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने शिकवले आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घेतला, म्हणून तो भिक्खुणींच्या मनात पक्का बसला. मोठ्या वयात शिकणाऱ्यांना कसे शिकवावे याचा हा चांगला धडा आहे: विचारत विचारत, आणि एकदा झालेले पुन्हा एकदा.

या वाटेने मग किती जणी आल्या. थेरीगाथेत दहा मुलांची आई सोणा आहे. मुलांनी विचारणे सोडल्यावर म्हातारपणी ती संघात आली आणि प्रयत्नशीलतेत अग्रगण्य ठरली. कोसल राजघराण्यातली सुमना आहे. आजीची सेवा करायची म्हणून ती वर्षानुवर्षे थांबली आणि म्हातारपणी तिने प्रव्रज्या घेतली. काठी टेकत भिक्षेला निघालेली, अशक्तपणाने वाटेतच पडलेली आणि त्या पडण्यातच शरीराचे सत्य उमगलेली धम्मा आहे. यांच्यापैकी कोणी पुन्हा तरुण झाली नाही. ज्या शरीरात होत्या त्याच शरीरात त्या शिकल्या.

पुढे हा भिक्खुणी संघ आपल्याकडेही पोहोचला. मुंबईजवळची कान्हेरी असो की रायगडमधली कुडा लेणी, तिथे भिक्खुणींनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. सहल म्हणून लेण्यांना जाल तेव्हा ती नावे शोधा.

अखेरची वर्षे

तथागतांनी गौतमींना दीर्घ अनुभवाच्या भिक्खुणींमध्ये अग्रस्थानी ठेवले. अपदानातल्या काव्यात त्यांच्या परिनिर्वाणाचे वर्णन आहे. तिथे त्यांचे वय 120 दिले आहे. तथागतांच्या आधी त्या गेल्या, आणि तथागत 80 वर्षे जगले. हा हिशोब मांडला तर सिद्धार्थाच्या जन्मावेळी गौतमी चाळिशीच्या पुढे असायला हव्यात, तेही तान्ह्या नंदासह. म्हणून 120 हा आकडा गौरवाचा समजावा. त्या खूप जगल्या आणि अखेरपर्यंत काम करत राहिल्या, एवढे त्यातून घ्यावे.

त्या काव्यात चमत्कारही आहेत. आपण ते चमत्कार म्हणून घ्यायची गरज नाही. पण ते कशासाठी रचले हे काव्यच सांगते. स्त्रीला सर्वोच्च ज्ञान मिळू शकते का अशी शंका घेणाऱ्यांची शंका फिटावी म्हणून. म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या शेवटीही हा प्रश्न विचारणारे लोक होतेच.

आपल्या विहारात काय करायचे

20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला शिकवले. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर कडेवर लेकरू आणि डोक्यावर गाठोडे घेऊन आलेल्या बायका आपल्या आज्या-पणज्या होत्या. त्यांच्या लेकी आज पन्नाशी-साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न तरुण कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवा. आरोग्य जपा, वाचत जा, स्वतःसाठी वेळ काढा, असा उपदेश आईला करणे सोपे आहे. गौतमींचे चरित्र सांगते, की वेळ काढायचा तर लोकर धुणारे दुसरे हात लागतात.

म्हणून सुरुवात घरापासून करू. रविवारी दोन तास स्वयंपाक आणि नातवंडे आपण सांभाळू आणि आईला विहारात बसू देऊ. बुद्ध पौर्णिमेची खीर यंदा मुलांनी करावी. विहारात चार-सहा खुर्च्या ठेवाव्यात, म्हणजे मांडी घालता येत नाही म्हणून कोणी घरी राहणार नाही. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्म्यानेही नीट दिसत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचन व्हावे, आणि नंदक थेराप्रमाणे तोच भाग पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा. वस्तीत डॉक्टर, नर्स, आशा ताई असतील तर त्यांना बोलावून महिन्यातून एकदा फक्त बायकांची बैठक ठेवावी, जिथे अंगावर काढलेले दुखणे बोलता येईल. आणि विहार समितीत या बायकांना खुर्ची द्यावी. सत्काराच्या दिवसापुरती नको, निर्णयाच्या दिवशी द्यावी.

आणि ज्या आया, मावश्या हे वाचत असतील किंवा कोणाकडून वाचून घेत असतील, त्यांच्यासाठी एवढेच. गौतमींनी साठीच्या उंबरठ्यावर फार मोठी गोष्ट मागितली, पण सुरुवात पायाखालच्या वाटेने केली. तीन नकार झाले, पाय सुजले, रडू आले, आणि तरीही त्या दारापाशी उभ्या राहिल्या. तुम्हाला वैशालीला जायचे नाही. कदाचित विहारातल्या पुढच्या रांगेतून उठून एक प्रश्न विचारायचा आहे. तो या रविवारी विचारा.

नमो बुद्धाय. जय भीम.